माझा आकडा, वडिलांच्या नावावर

त्या सकाळी यंत्रावर कमी आकडा आला तो माझा होता. मी तो वडिलांचा म्हणून सांगितला आणि त्यांचा चांगला आकडा माझा म्हणून. दोन आकड्यांची अदलाबदल. त्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

हिमाचलातल्या एका शिखराखाली, शेवटच्या मुक्कामावर आम्ही दोघं एका तंबूत होतो. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते यंत्र रक्तात ऑक्सिजन किती आहे ते दाखवतं. आमच्या गाइडचा नियम सरळ होता. ज्याचा आकडा पंचाहत्तरच्या खाली जाईल त्याने वर यायचं नाही, मदतनिसाबरोबर खालच्या तळावर उतरायचं. गाइड बाहेर स्टोव्हवर बर्फ वितळवत होता. वडिलांना जवळचं दिसत नाही आणि त्यांचा चष्मा सॅकच्या तळाशी गेला होता. त्यांनी बोट पुढे केलं. चौऱ्याऐंशी. मग मी माझं घातलं. एकाहत्तर. मी तळहात चोळले, बोट बदललं, पुन्हा घातलं. एकाहत्तरच.

"काय म्हणता तुझा मशीन?" त्यांनी विचारलं.

"तुमचा एकाहत्तर दाखवतोय, बाबा."

त्यांनी बोट जॅकेटला पुसलं आणि पुन्हा पुढे केलं. यंत्राने पुन्हा चौऱ्याऐंशी दाखवला.

"बहात्तर," मी म्हणालो.

हा एक आकडा मी वाढवून सांगितला तो खरं वाटावं म्हणून. मूळ खोटं कदाचित घाबरटपणातून आलं असेल, पण हा एक आकडा मी विचार करून वाढवला होता. मला आजही जास्त लाज त्याचीच वाटते.

वडील थोडा वेळ तंबूच्या कापडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाठल्यान शेवटी गिरणीन."

वडील लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. तिथे कापूस विंचरून त्याचे पेळू काढतात आणि पाळीभर हवेत कापसाची धूळ उडत राहते. त्या खात्यातल्या माणसांना सोमवारचा खोकला असायचा. सुट्टी संपवून माणूस खात्यात शिरला की छाती आवळायची, तो पाळी संपेपर्यंत खोकत राहायचा. मंगळवारी जरा कमी. ज्यांचा खोकला शनिवारपर्यंत टिकू लागायचा ते काय ते समजून जायचे. माझे थोरले काका त्याच खात्यात होते. करी रोडच्या आमच्या खोलीत ते उशांचा ढीग रचून बसल्या बसल्या झोपायचे, कारण आडवं झालं की श्वास कोंडायचा. मी शाळेत जायच्या आधीच ते गेले. पुढे संप झाला, गिरणी काही पुन्हा नीट सुरू झाली नाही, वडिलांना औषधांच्या एका गोदामात काम मिळालं. पण छातीची धास्ती त्यांच्याबरोबर गिरणीतून घरी आली होती.

डोंगर त्यांनी छातीसाठी धरला. त्यांची आपली एक समजूत होती की चढताना माणूस खोलवर श्वास घेतो आणि आत बसलेला कापूस सुटून बाहेर येतो. कुठल्या डॉक्टराने तसं सांगितलं नव्हतं. माथ्यावर पोहोचलं की ते छातीवर तळहात ठेवून उभ्याउभ्याच मोठे श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आसा. अजून आसा." काय आहे, ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. श्वास आहे.

मी चौथीत असताना ते मला पहिल्यांदा कळसूबाईला घेऊन गेले. नंतर चाळीतल्या दोघातिघांबरोबर आणि पुढे आम्ही दोघंच असे साल्हेर, रतनगड, हरिश्चंद्रगड, पुन्हा कळसूबाई. मला विमा कचेरीत नोकरी लागल्यावर प्रवासभत्ता मिळू लागला, त्यावर आम्ही हिमालयात गेलो. आधी खिंडी, मग पाच हजार मीटरची साधी शिखरं. ऑफिसातले लोक त्या भत्त्यावर बायकामुलांना घेऊन नैनिताल-मसुरीला जायचे. मी म्हाताऱ्या बापाला घेऊन बर्फात जातो याचं त्यांना कौतुक वाटायचं. खरं तर तेच मला घेऊन जायचे.

आमच्यात एक रीत होती, ती त्यांनीच घालून दिली होती. साल्हेरला माझा पाय मुरगळला तेव्हा ते मला पायथ्याच्या देवळात बसवून एकटे वर गेले. मी रडकुंडीला आलो होतो. ते म्हणाले, "एकासाठी दुसऱ्यान थांबूचा नाय. पण जो वर जाय, तेणा खाली येऊन सगळा सांगूचा." संध्याकाळी परत आले ते माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि वाटेतल्या पायऱ्या, दरवाजे, वरचं टाकं, त्या पाण्यात पडलेला सूर्य, सगळं त्यांनी सांगितलं. इतकं की पुढे मी स्वतः साल्हेरवर गेलो तेव्हा मला ते आधीच माहीत होतं. पुढे कधी त्यांना ताप आला, कधी माझं पोट बिघडलं, तेव्हा आम्ही असंच केलं. जो खाली राहिला त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही आणि जो वर गेला त्याने सांगण्यात कधी कुचराई केली नाही.

या रीतीचाच मी त्या सकाळी फायदा घेतला. ते हुज्जत घालणार नाहीत हे मला माहीत होतं.

मी असं का केलं याची कारणं मी स्वतःला खूपदा दिली आहेत. त्या उंचीवर डोकं चालत नाही, हे एक. मोठी रजा पुन्हा मिळणार नव्हती, हे दुसरं. ती खोटी नाहीत, पण खरं कारण लहान आणि कोतं आहे. वडील नेहमी माझ्या पुढे असायचे. मी माथ्यावर पोहोचायचो तेव्हा ते बूट काढून, गूळ-शेंगदाणे खात बसलेले असायचे. "दमलस काय रे?" एवढंच विचारायचे, आणि त्यात टोमणा नसायचा. टोमणे खाली घरी मिळायचे. आमच्या इमारतीखालच्या कट्ट्यावर त्यांचे गिरणीतले जुने सोबती बसतात. आम्ही परत आलो की ते मला सोडायचे नाहीत.

"काय रे, बापूस आंघोळ करून, जेवून झोपलो पण, आणि तू आता येतस?"

"अरे, बापसान वरून ढकलल्यान असतला तेका, म्हणून तरी लवकर इलो."

सगळे हसायचे, मीही हसायचो. चाळिशीतल्या माणसाने अशा गोष्टी मनाला लावून घेऊ नयेत. मी घेतल्या. त्या शिखरावर वडील गेले असते आणि मी खाली राहिलो असतो, तर कट्टा काय म्हणेल ते मला तंबूत, डोकं ठणकत असताना, शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

गाइडलाही मी तेच आकडे सांगितले आणि वडील मदतनिसाबरोबर खाली उतरले. जाताना त्यांनी स्वतःचे जाड हातमोजे काढून मला दिले, कारण माझे ओले होते. मी गाइडच्या मागून वर गेलो. वाटेत दोनदा ओकलो आणि गाइडला सांगितलं की सकाळचा चहा बाधला. माथ्यावर पोहोचलो तेव्हा सगळीकडे ढग होते. शेजारच्या गाइडचा चेहरा धड दिसत नव्हता. आम्ही तिथे फार थांबलो नाही.

खाली वडील वाट बघत होते. त्यांनी मला गरम पाणी दिलं, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि समोर मांडी घालून बसले. "सांग," म्हणाले.

मी सांगितलं. उत्तरेला डोंगरांच्या रांगा, त्यांच्यामध्ये एक निळं तळं, तळ्याच्या कडेला हिरवी रेघ. तसं काहीच मी पाहिलं नव्हतं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, "निळा म्हणजे कसा? आकाशी, की तुझ्या आईच्या मोरपिशी साडीसारखा?" मी म्हणालो, मोरपिशी.

ते तळं त्यांनी पुढे कट्ट्यावर कितीतरी वेळा सांगितलं.

मुंबईला परतल्यावर त्यांनी बूट धुऊन, वर्तमानपत्राचे बोळे भरून माळ्यावर टाकले. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा आम्हाला सतराव्या मजल्यावर घर मिळालं होतं आणि वडील तिथे रोज सकाळी पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन जिना चढायचे. वॉचमन हसायचा, "काका, लिफ्ट चालू आहे." शिखरावरून परत आल्यापासून ते बंद झालं. शिवाजी पार्कला फेऱ्या मारायला जायचे, तेही बंद. खोकला आला की आईकडे बघायचे, आणि वार सोमवार असला तर दिवसभर गप्प. दरवर्षी एकदा मी म्हणायचो, "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या." ते म्हणायचे, "काय दाखवूचा? भावाचा दाखवून झाला." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटायचं, हेही लिहायला हवं.

एकदा दुपारी लिफ्ट बंद पडली. मी ऑफिसातून आलो तेव्हा वडील खाली वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, पायाशी भाजीची पिशवी. मेथी पार सुकून गेली होती.

"कधीपासून बसलात?"

"झालो थोडो वेळ."

वॉचमन म्हणाला, "साहेब, तीन वाजल्यापासून. मी म्हटलं मी पिशवी नेतो, तुम्ही हळूहळू चढा. तर म्हणाले छाती फुटेल."

मी पिशवी घेऊन जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर थांबलो. परत खाली जाऊन सांगावं असं मनात आलं. मग वर गेलो.

आईबद्दल सांगायला मला जास्त कठीण जातं. ती आमच्याबरोबर कधीच आली नाही. मेसमध्ये पोळ्या लाटायचं तिचं काम होतं, त्याला सुट्टी नसायची. चपात्या, शेंगदाण्याची चटणी, सुकी भाकरी, इतकी वर्षं तिने आमच्या सॅकमध्ये भरून दिली. काम सोडल्यावर ती वडिलांना म्हणाली होती, "आता माका पण एकदा बर्फ दाखवा. चढणार नाय मी. लांबून दाखवा." हे शिखर झालं की पुढच्या मे महिन्यात तिला मनालीला न्यायचं असं वडिलांनी कबूल केलं होतं. तो मे आला तेव्हा ते म्हणाले, "वाटेत माका काय झाला तर तू काय करशील? तुका तिथली भाषा येत नाय." मी म्हणालो, मी नेतो तिला. आई म्हणाली, "तुझ्यासोबत जावन काय करू? ह्येंच्यासोबत बघूचो होतो." पुढे तिच्या पोटात गाठ निघाली, आणि त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. परळच्या हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत तिने मला सांगितलं, "बाबांच्या छातीक जप."

मी हो म्हणालो.

गेल्या वर्षी वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी सगळ्या तपासण्या करून आणायला सांगितल्या. परळलाच एका छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई होत्या. एक्स-रे काढला, नळीत फुंकायला लावलं, तीनदा. मग कागद बघून हसल्या.

"आजोबा, सिगारेट?"

"कधीच नाय. पण मी गिरणीत होतंय. कार्डिंगला."

"असाल. पण फुप्फुसं छान आहेत तुमची. या वयाला इतकी चांगली मला रोज दिसत नाहीत."

"डॉक्टर, पुन्हा बघा. मशीन बिघडला असात."

"मशीन बरोबर आहे."

"माझो आकडो एकाहत्तर इलो होतो, पहाडावर."

त्या म्हणाल्या की तेव्हाचं त्यांना सांगता येणार नाही, पण आज छातीत काही दोष नाही आणि जुना दोष असल्याची खूणही नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खालमानेने पाकिटात कागद भरत होतो.

टॅक्सीत ते एक्स-रेचं पाकीट मांडीवर घेऊन बसले. भारतमाता थिएटरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "मगे वर काय झाला होता?"

"उंचीवर कुणाचं काय होईल सांगता येत नाही, बाबा."

हे माझं आणखी एक खोटं.

त्यांनी मान हलवली. जरा वेळाने, माझ्याशी बोलत नसल्यासारखे म्हणाले, "म्हणजे मी भियालंय. छाती बरी होती. जीव घाबारलो आणि आकडो खाली गेलो." मग हसले. "आणि इतकी वर्षा मी गिरणीक शिव्या घातलंय."

गिरणीने आपली छाती खाल्ली असं ते मानत होते तोवर मी गप्प राहू शकलो होतो. त्या समजुतीत त्यांचा कमीपणा नव्हता, गिरणीचा दोष होता आणि गिरणी काही जाब विचारायला येणार नव्हती. आता ते स्वतःला भित्रा म्हणत होते. ज्या माणसाने मला दोराला धरून कडे पार करून दिले, तो टॅक्सीत बसून आपण भ्यालो असं हसत सांगत होता.

तरीही त्या दिवशी मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा करत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"बाबा, तो आकडा तुमचा नव्हता."

"कुठचो?"

"वरचा. एकाहत्तर माझा होता. तुमचा चौऱ्याऐंशी आला होता."

त्यांनी गॅस बारीक केला. "मी दोनदा बोट घातलंय."

"दोन्ही वेळा चौऱ्याऐंशी."

नंतर मी रजा, वय, उंचीवरचं डोकं, कट्ट्यावरचे टोमणे असं सगळं सांगत सुटलो. ऐकताना त्यांचा चेहरा बदलला नाही. माझं बोलणं संपलं तेव्हा म्हणाले, "झाला?" दोघांचा चहा टाकला होता, तो त्यांनी एकाच कपात गाळला आणि उरलेला भांड्यात तसाच ठेवला. कप घेऊन माझ्या बाजूने बाहेर जाताना थांबले.

"तिका बर्फ बघूचो होतो."

त्यानंतर काही दिवस घरात आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. ऑपरेशन झाल्यावर डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली की ते मान मागे करून बसायचे आणि मी थेंब घालायचो, एवढीच जवळीक. तशा एका वेळी मी म्हणालो, "बाबा, मला माफी मागायची आहे."

डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "माका नको सांगू. कट्ट्यावर सांग. थंय लोकांनी माझी कीव केल्यानी."

मला हे कळायला हवं होतं. आमच्या जुन्या चाळीत कुणावर खोटा आळ आला, तर तो घेणाऱ्याला गॅलरीत सगळ्यांसमोर उभं राहून शब्द मागे घ्यावे लागायचे. बंद खोलीत मागितलेल्या माफीला तिथे कुणी माफी म्हणत नसे.

संध्याकाळी मी त्यांच्या मागोमाग कट्ट्यावर गेलो. चार म्हातारे होते, सगळे गिरणीतले. वडील त्यांच्या नेहमीच्या जागी बसले. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि मी बसणारही नव्हतो.

"काय रे, आज हंय खंय?" एकाने विचारलं. "बापसान घराभायर काढल्यान?"

मी त्यांना सांगितलं. यंत्र काय ते समजावलं, दोन आकडे सांगितले, कुणाचा कुठला तेही. कारणं सांगितली नाहीत. मी बोलत होतो तोवर वडील समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

मघाशी थट्टा करणारेच म्हणाले, "म्हणजे बापसाक खाली धाडून तू वर गेलस."

"हो."

"आणि ता निळा तळा? ता तरी खरा?"

"नाही. ढग होते. काही दिसलं नाही."

एकजण हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. वडिलांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तळं खोटं होतं हे मी त्यांना घरी सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि माफी मागितली. आवाज इतका बारीक निघाला की टोकाला बसलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या काकांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "काय म्हणता तो? मोठ्यान सांग." बाकीचे वाट बघत राहिले. वडीलही.

म्हणून मी पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाबा, तुमची छाती चांगली होती. तुम्ही भ्यालाही नव्हतात. वर जाणं तुमचं होतं, ते मी खोटं बोलून माझं केलं, आणि खाली येऊन पुन्हा खोटं सांगितलं. आईचं राहून गेलं तेही माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ करा."